तिकीट काढलं, आता पुस्तक काढा

रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं. माझं वाचनही त्याच दिवशी सुरू होतं. सकाळी तिकीट हाती आलं की दुपारी जेवण आटोपून मी मांडवीकडे सेंट्रल लायब्ररीत जाते. दोन महिन्यांचा हिशेब मला बरोबर बसतो. त्याहून आधी वाचलेलं निघेपर्यंत विरून जातं, आणि शेवटच्या आठवड्यात हाती घेतलं तर बॅगा भरण्याच्या गडबडीत पुस्तक उशाशी तसंच पडून राहतं.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी भाचीनं विचारलं, “मावशी, तंजावरला जाऊ या. जायच्या आधी काय वाचू? एकच नाव सांग.” मी तिला नाव सांगितलं नाही, घरी बोलावलं आणि नकाशा पुढ्यात ठेवला. कुणीतरी सांगितलेलं पुस्तक आपल्या प्रवासाला लागू पडेलच असं नाही, हे मी एकदा चांगलंच अनुभवलं आहे.

दहाएक वर्षांपूर्वी आम्ही केरळला निघालो होतो. मी मनापासून तयारी केली. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘चेम्मीन’ वाचली. १९५६ साली आलेली ही कादंबरी किनाऱ्यावरच्या कोळ्यांची आहे. दर्यावर गेलेल्या नवऱ्याचा जीव घरी राहिलेल्या बायकोच्या चारित्र्यावर टांगलेला असतो, कडलम्मा म्हणजे सागरमाता सगळं पाहत असते, या श्रद्धेभोवती सगळी गोष्ट फिरते. मी रात्र रात्र जागून ती संपवली. आणि आमचे दिवस गेले कुठे? मुन्नारला. चहाचे मळे, धुकं, वळणावळणाचे रस्ते. समुद्र कुठेच नाही. मळ्यात पानं खुडणाऱ्या बायका आपसात तमिळ बोलत होत्या. केरळात असून तमिळ का, त्यांच्या आज्या-पणज्या इथे कुठून आणि कशासाठी आल्या, हे विचारावं इतकीही माझी तयारी नव्हती. पुस्तक फार मोलाचं होतं, पण ते दुसऱ्याच प्रदेशाचं होतं.

तेव्हापासून मी राज्याच्या नावावर पुस्तक शोधत नाही. केरळ राज्य झालं १ नोव्हेंबर १९५६ ला. त्याआधी त्रावणकोर, कोचीन, मलबार अशी निरनिराळी नावं होती. डोंगरातल्या माणसाचं जगणं आणि किनाऱ्यावरच्याचं जगणं मात्र कुठल्याही सरहद्दीच्या आधीपासून वेगळं आहे. जुन्या तमिळ संगम कवितेनं हे केव्हाच ओळखलं होतं. त्या कवींनी भूमीचे पाच प्रकार केले, त्यांना ते ‘तिणै’ म्हणत. कुरिंजी म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे रान आणि कुरणं, मरुदम म्हणजे नदीकाठची शेती, नेय्दल म्हणजे समुद्रकिनारा आणि पालै म्हणजे होरपळलेली कोरडी जमीन. प्रत्येक भूमीचं फूल वेगळं, वेळ वेगळी आणि प्रेमाची अवस्थासुद्धा वेगळी. डोंगरात मीलन, किनाऱ्यावर झुरणं, कोरड्या जमिनीत ताटातूट. बारा वर्षांनी एकदा मुन्नारचे उतार निळे करणारी नीलकुरिंजी ही त्या पहिल्या तिणैचीच खूण. मी कुरिंजीत निघाले होते आणि वाचत होते नेय्दल.

म्हणून भाचीला पहिलं काम दिलं ते हे. नकाशावर राज्याचं नाव दिसेनासं होईल इतका तो मोठा कर. आपले मुक्काम कुठे आहेत तिथे पेन्सिलीनं खुणा कर आणि त्यांच्याभोवती वर्तुळ काढ. आता त्या वर्तुळात काय आहे ते सांग, डोंगर, रान, शेती, किनारा की कोरड? आमच्या वर्तुळात तंजावर, कुंभकोणम, तिरुवैयारू आणि श्रीरंगम आलं. म्हणजे सगळं मरुदम, कावेरीच्या फाट्यांमधली भाताची जमीन. पुस्तक याच वर्तुळातलं हवं. महाराष्ट्रात येणाऱ्या कुणाला ‘बनगरवाडी’ दिली आणि तो उतरला गुहागरला, तर माणदेशाच्या त्या मेंढरांचं त्यानं काय करायचं? त्याला श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ द्यायला हवा.

वर्तुळ ठरलं की मी आधी पाण्याचं पुस्तक शोधते. भूगोलाची बाई म्हणून हा माझा कल आहे हे खरं, पण माझा अनुभव असा की पाऊस केव्हा पडतो, पाणी कुठून येतं आणि कोण काय पेरतं, एवढं कळलं की देवळं, सण, जेवण, भांडणं सगळी आपोआप जागेवर बसतात. त्यासाठी जाडजूड ग्रंथ लागत नाही. त्या राज्याची चौथी ते आठवीची भूगोलाची पाठ्यपुस्तकं पाहा. बहुतेक राज्यांची ती आता इंटरनेटवर फुकट मिळतात, इंग्रजी माध्यमाचीही असतात. मुलांसाठी लिहिलेली असल्यानं भाषा सोपी, आणि तिथल्या लोकांना आपल्या मुलांना आधी काय सांगावंसं वाटतं तेही कळतं. हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं.

याच वाचनानं आमची तारीख बदलली. भाचीला दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबरात निघायचं होतं. आपल्याकडे बडोद्यात नवरात्रापर्यंत पाऊस आवरतो, म्हणून तिकडेही तसंच असेल असं धरून चाललो होतो. पण कावेरीच्या मुखाकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्य मान्सूनचा. आपण ज्याला परतीचा म्हणून निरोप देतो, त्याच सुमाराला त्यांचा सुरू होतो. वाचलं नसतं तर भर पावसात देवळांच्या ओल्या फरशीवर अनवाणी फिरलो असतो. मग जानेवारी ठरवला. पुढे वाचताना कळलं की तिथलं सांबा हंगामाचं भात याच दिवसांत कापणीला येतं, पोंगल त्या नव्या तांदळाचा सण, आणि तिरुवैयारूला नदीकाठी संगीतकार त्यागराजांची आराधनाही पौष वद्य पंचमीला असते. तीन गोष्टी एका महिन्यात का आल्या, हे मला कुठल्याही सहलीच्या माहितीपत्रकानं सांगितलं नसतं.

पाण्याच्याच नादानं कल्लणै कळलं. कावेरीवरचा हा दगडी बंधारा चोळ राजा करिकाल याच्या नावानं ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभियंता आर्थर कॉटन तो पाहून शिकला आणि १८३६ साली वरच्या अंगाला कोल्लिडम या कावेरीच्या फाट्यावर त्यानं नवा बंधारा बांधला. पुढे १९३४ मध्ये मेट्टूरचं धरण झालं. त्याचे दरवाजे १२ जूनला उघडण्याची रीत आहे, आणि डेल्टातला शेतकरी त्या तारखेकडे डोळे लावून असतो. एवढी तीन वाक्यं डोक्यात असली की तंजावरच्या रस्त्यानं जाताना प्रत्येक कालव्यावर गाडी थांबवावीशी वाटते. आम्ही थांबवली.

आता कादंबरी. इथे निवड सगळ्यात अवघड, आणि माझी एक कसोटी आहे ती सांगते. पुस्तक हातात घेतलं की मी त्यातलं जेवणाचं पान शोधते. माणसं जेवतायत असा प्रसंग. त्या पानावर लेखक पदार्थ समजावून सांगत असेल, ‘तांदूळ आणि डाळ आंबवून वाफवलेला हा पदार्थ’ असं लिहीत असेल, तर ते पुस्तक पाहुण्यांसाठी लिहिलं आहे. मी ते खाली ठेवते. घरच्यांसाठी लिहिणारा लेखक फक्त एवढंच सांगतो की सासूनं आज ताक वाढलं नाही, आणि त्यातून अख्ख्या घराचं कळतं. आपण एखाद्या मराठी गोष्टीत ‘तिनं पानात मीठ आधी वाढलं’ वाचतो, तेव्हा आपल्याला कुणी समजावतं का? तसंच दुसऱ्याच्या घरात आपण शिरायचं. पाच-पन्नास शब्द कळणार नाहीत. राहू देत. ते वहीत उतरवा, तिथे गेल्यावर विचारायला ते कामी येतात.

अशा पुस्तकासाठी मी आधी साहित्य अकादमीची आणि नॅशनल बुक ट्रस्टची यादी बघते. अकादमी १९५४ ची, ट्रस्ट १९५७ चा. एका भारतीय भाषेतलं दुसरीत आणायचं हे दोघांच्याही कामाचा मोठा भाग आहे. यादीत नाव दिसलं की अनुवादकाचं पान उघडा आणि अनुवाद थेट मूळ भाषेवरून आहे की हिंदी-इंग्रजीवरून, ते बघा. उमा कुलकर्णींनी भैरप्पांच्या कादंबऱ्या कन्नडमधून थेट मराठीत आणल्या, त्यामुळे म्हैसूर-हासनकडे जाणाऱ्या मराठी माणसाची मोठी सोय झाली आहे. दोन वळणं घेऊन आलेल्या अनुवादात नात्यांचे शब्द आधी हरवतात. अत्तै म्हणजे आत्या, चित्ती म्हणजे मावशी, मन्नी म्हणजे वहिनी, सगळ्या ‘आँटी’ होतात. नाती गेली की घर कळत नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाला इथे एक वरचा हात आहे, आणि तो आपण वापरत नाही याची मला खंत वाटते. आपण मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही सहज वाचतो. सौराष्ट्रात जायचं असेल तर झवेरचंद मेघाणींची ‘सौराष्ट्रनी रसधार’ मुळातूनच वाचा, अनुवाद शोधत बसू नका. त्या काठियावाडी बोलीत घोडी, पाळिये म्हणजे वीरांचे स्मारकदगड आणि दिलेला शब्द याखेरीज दुसरं काही नाही असं पहिल्यांदा वाटतं. मग गावाच्या वेशीवर शेंदूर लावलेले दगडी पाळिये दिसतात, आणि प्रत्येकापुढे पाय थांबतात. उत्तर गुजरातेत, ईडरकडे जायचं असेल तर पन्नालाल पटेलांची ‘मानवीनी भवाई’. छप्पनियाचा दुष्काळ, म्हणजे संवत १९५६, इसवी सनाचं १८९९-१९००. ती वाचल्यावर त्या भागातली भरलेली विहीर नुसती विहीर राहत नाही. बद्री-केदारसाठी काकासाहेब कालेलकर. साताऱ्यात जन्मलेला मराठी माणूस, आपल्या बडोद्यात गंगनाथ विद्यालयात शिक्षक, १९१२ साली हिमालयात पायी गेला आणि त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं गुजरातीत. दांडिया बाजारात राहणाऱ्यानं तरी ते वाचायला हवं.

तंजावरसाठी कादंबरी शोधताना मात्र अडले. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ भाचीनं इंग्रजीतून घेतली. ही १९५० ते १९५४ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आलेली, पाच भागांची. तिचा आरंभच पाण्यानं होतो. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नद्या भरून वाहतात तेव्हाच्या सणाला, एक तरुण स्वार वीरनारायण तलावाच्या काठानं येतो. नावातली पोन्नी म्हणजे कावेरीच. भाचीनं दोन भाग वाचले, उरलेले नंतरसाठी ठेवले. मी म्हटलं, पुरेत. पाचही भाग संपवायचा नेम केला असता तर बाकी काही वाचून झालं नसतं.

मला हवी होती ती दुसरी, ति. जानकीरामन यांची ‘मोहमुळ्’. म्हणजे मोहाचा काटा. कुंभकोणमची गोष्ट. बाबू नावाचा तरुण संगीत शिकतो आहे आणि त्याचा जीव जडला आहे यमुनेवर, जी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. या यमुनेची आई तंजावरच्या मराठी घराण्यातली आहे. हे कळल्यावर मला राहवेना. पण मराठी किंवा गुजराती अनुवाद माझ्या हाती लागला नाही. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब आहे. यजमान रिफायनरीतून निवृत्त झाले. त्यांच्या बायकोला सगळे मामी म्हणतात. तमिळ घरांत मोठ्या बायकांना मामीच म्हणतात, आपल्याला तो शब्द वेगळा शिकावा लागत नाही. मी मामींना विचारलं, तर त्यांनी कपाटातून ते पुस्तक काढलंच, पाठीला चिकटपट्ट्या लावलेलं. मग दर मंगळवारी चार वाजता त्या एक प्रकरण तमिळमधून वाचायच्या आणि मोडक्या हिंदी-गुजरातीत मला सांगायच्या. सगळी कादंबरी झाली नाही. पण बाबूचे गुरू रंगण्णा नदीकाठी पहाटेचा आवाज ऐकायला शिकवतात, असा भाग आला तेव्हा मामी पुस्तक मिटून बसल्या आणि स्वतःच्या माहेरच्या घाटाबद्दल बोलत राहिल्या. त्या दिवशी मी पानं मोजणं सोडून दिलं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: पुस्तक तुमच्या भाषेत नसेल तर त्या भाषेचा माणूस शोधा. बडोद्यात ओडिया, मल्याळी, तमिळ, बंगाली, सगळी माणसं आहेत. कॉफीच्या दोन पेल्यांवर जे मिळतं ते कुठल्याच दुकानात नाही.

आपल्या घरातून तिथे जाणारा एखादा धागा असतो, तो शोधायला विसरू नका. प्रत्येक प्रवासात तो सापडेल असं नाही, पण सापडला तर वाचन एकदम आपलं होतं. आमच्या बाबतीत तर तो दोरखंडच निघाला. सयाजीराव महाराजांचं पहिलं लग्न १८८० साली झालं ते तंजावरच्या राजकन्येशी, लक्ष्मीबाईंशी. इथे त्या चिमणाबाई झाल्या, आणि १८८५ सालीच गेल्या. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकींचा आणि वादकांचा ताफा बडोद्यात आला. गौरा आणि कांतिमती ही त्यातली दोन नावं आजही नृत्याच्या इतिहासात घेतली जातात. लक्ष्मी विलास राजवाड्यावरून मी आयुष्यभर ये-जा केली, पण त्या नावातली लक्ष्मी कावेरीकाठची असेल, हे मनात कधी आलं नव्हतं.

धागा तिकडच्या टोकाकडूनही पाहिला. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी तंजावरला गादीवर बसले आणि भोसल्यांचं राज्य तिथे १८५५ पर्यंत चाललं. सरफोजी दुसरे यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. तिथे मोडीतले मराठी कागद आहेत. त्यांच्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. म्हणजे मुंबई-पुण्यात मराठी छपाई रुळायच्या कितीतरी आधी. आणि तंजावरच्या बृहदीश्वर देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ चा. हे वाचून भाची म्हणाली, “मावशी, मला तो लेख आधी बघायचाय, मग गाभारा.” एका पुस्तकानं दिवसाचा क्रम असा बदलावा, यासाठीच तर वाचायचं.

पण आपलाच धागा ओढत बसलो तर तिथे जाऊनही आपण आपल्यालाच भेटून येतो. म्हणून मी मराठी राजवटीचं एकच पुस्तक होऊ दिलं. देऊळ चोळांचं आहे. पहिल्या राजराजानं बांधलेलं, १०१० साली पुरं झालेलं. त्याच्या भिंतींवरचे तमिळ लेख आपल्याकडच्या ताम्रपटांपेक्षा कितीतरी बोलके आहेत. देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं तिथे कोरली आहेत, कुठल्या गल्लीतल्या कुठल्या रांगेतलं कितवं घर कुणाला, आणि प्रत्येकीला वर्षाला १०० कलम (धान्याचं तिथलं जुनं माप) भात. हजार वर्षांपूर्वीचा तो हजेरीपटच म्हणायचा. शिलालेखांचे सोपे अनुवाद कुठल्याही प्राचीन स्थळाला जाताना शोधावेत, असं मी म्हणेन. राजांच्या लढायांच्या जाड इतिहासापेक्षा अशी चार पानं बरी. तो जाड इतिहास मी एकदा हंपीला जाताना वाचला होता. सनावळ्या सगळ्या होसपेटच्या स्टेशनापर्यंत टिकल्या, पुढे नाही.

जुनी प्रवासवर्णनं मला प्रिय आहेत, पण ती वापरायची कशी हे माहीत हवं. झाशी-ग्वाल्हेरकडे जाणाऱ्याला मी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ डोळे झाकून देते. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी वार्ता ऐकून १८५७ साली दक्षिणा मिळेल या आशेनं निघाले आणि सापडले बंडाच्या वणव्यात. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. तिथली नळ नसलेली, आडावर धावणारी, जळकी झाशी त्यांच्या डोळ्यांनी दिसते. मात्र प्रत बघून घ्या. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी काढलेली आवृत्ती त्यांच्या हातानं फिरवलेली, कापलेली आहे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी काढलं. मला ते दुसरंच हवं असतं. कुठलंही जुनं पुस्तक घेताना पहिल्या आवृत्तीचं साल आणि संपादकाची प्रस्तावना, एवढी दोन पानं दुकानातच उभ्यानं वाचावीत. ही पुस्तकं आजची वाट विचारायला नसतात. नदी कुठे उतरावी लागायची, कुठल्या गावाला बाजार भरायचा, लोक कशाला भ्यायचे, ते पाहायला असतात. यातलं पुष्कळसं अजून बदललेलं नाही.

पाहुण्यानं लिहिलेली पुस्तकं सरसकट टाकून द्यावीत असं मात्र मी म्हणणार नाही. पाहुणा भाषा शिकला आहे का, एवढं बघा. पु. ल. देशपांडे बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले, त्यातून ‘वंगचित्रे’ आलं. बंगालला जाताना ते बरोबर असावंच. तीन दिवसांत पाच शहरं पाहून लिहिलेल्या पुस्तकात लेखकाच्या हॉटेलखेरीज हाती काही लागत नाही. त्याच भागावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवून एकच जागा दोघांत काढून बघणं, हा माझा आवडता उद्योग. नर्मदेसाठी गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जबलपूरच्या अमृतलाल वेगडांचं पुस्तक अशी जोडी मी लावली होती. एक परिक्रमावासी, दुसरा चित्रकार. एकाला दिसतात माणसं, दुसऱ्याला दगडावरचा उजेड. चांदोदच्या घाटावर मी दोन्ही घेऊन बसले होते.

दंतकथांना मी घाबरत नाही, पण त्यांच्यापुढे पेन्सिलीनं एक खूण करते. तंजावरच्या प्रत्येक लेखात भेटतं की सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं. ऐकायला गोड आहे, मराठी माणसाला तर फारच. पण कुठल्या कागदावर, कुठल्या सालचं, हे कुणी सांगत नाही. अशी गोष्ट सांगताना लेखक ‘असं म्हणतात’ एवढे दोन शब्द घालतो की नाही, हे मी बघते. घालत असेल तर त्याच्या बाकीच्या पानांवर माझा भरवसा बसतो.

पुस्तकं मिळवायची कुठून? बडोद्यात राहून हा प्रश्न पडू नये. सयाजीराव महाराजांनी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावलं आणि १९१० साली इथे सेंट्रल लायब्ररीची व्यवस्था उभी राहिली. लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरश्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचतो. खेड्यापाड्यांत पेट्यांमधून फिरती पुस्तकं जात. तिथे जाताना पुस्तकाचं नाव घेऊन जाऊ नका, विषय घेऊन जा. ‘कावेरी’, ‘भात’, ‘तंजावर’ असे तीन शब्द मी चिठ्ठीवर लिहून दिले, आणि ज्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं अशी दोन पुस्तकं टेबलावर आली. मांडणीपाशी जाऊ दिलं तर हवं असलेल्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या बाजूची चार-चार पुस्तकंही काढून पाहावीत. विकत घ्यायचं ते मी शेवटी ठरवते, आणि फक्त बरोबर न्यायचं तेवढंच घेते.

एक पुस्तक मात्र पहिल्याच दिवशी विकत घ्या. त्या भाषेची अंकलिपी, पहिलीच्या मुलांची. तमिळमध्ये बारा स्वर आणि अठरा व्यंजनं, आणि क-ख-ग-घ या चौघांना मिळून एकच अक्षर. त्यामुळे आपल्या बाराखडीपेक्षा ती लहान आहे. रोज रात्री दोन अक्षरं गिरवली तर महिन्याभरात बसवरच्या पाट्या अडखळत का होईना लागतात. कुंभकोणमच्या स्टँडवर भाचीनं पाटी वाचून ‘तिरुवैयारू’ असं मोठ्यानं म्हटलं, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी सरकून तिला जागा दिली.

दहा दिवसांच्या प्रवासाला तीन पुस्तकं, हा माझा नेम. एक पाण्या-जमिनीचं, एक घरच्यांसाठी लिहिलेलं, आणि तिसरं आपल्या स्वतःच्या प्रश्नाचं. प्रश्न आधी वहीत लिहून ठेवायचा. माझा होता, यमुनेच्या आईसारख्या मराठी बायका आज तिथे कसं मराठी बोलत असतील? वाचताना उत्तर मिळालं नाही तरी चालतं, तिथे विचारायला तोंड मिळतं. निघायच्या आधीचे तीन दिवस मी काहीच वाचत नाही. बरोबर एकच पातळ पुस्तक नेते. यंदा ए. के. रामानुजन यांनी इंग्रजीत आणलेल्या संगम कविता होत्या. नवजीवन एक्सप्रेसनं बडोद्याहून चेन्नईपर्यंत सव्वा दिवस तरी लागतो, आणि छोट्या कवितेला खिडकीतून बाहेर बघायला पुष्कळ वेळ मिळतो. एक वाचायची, मग तास-दोन तास शेतं.

एक पुस्तक परतल्यावर वाचायला राखून ठेवा. जाण्याआधी जे नुसतं नाव असतं, त्याला आता वास आणि रस्ता असतो. ‘मोहमुळ्’ची उरलेली प्रकरणं मी अशीच ठेवली होती. परत आल्यानंतरच्या मंगळवारी मामींकडे गेले, तंजावरहून आणलेली डिग्री कॉफीची पूड आणि फोनमधले घाटाचे फोटो घेऊन. मामींनी फोटो पाहिले, मग चष्मा पुसला आणि म्हणाल्या, या पायऱ्या आमच्याच. पुस्तकात खूण घातलेलं पान उघडायला त्या दिवशी अर्धा तास उशीर झाला.